दुकानात चालतो, घरी मरतो: एका यूएसबी माऊसचं प्रकरण

ठाण्यात वर्तकनगरला आमच्या सोसायटीचे खजिनदार काका सगळे हिशेब स्वतःच्या लॅपटॉपवर ठेवतात. लॅपटॉप जुना, सातव्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचा. विंडोज ११ त्याला दारात उभं करत नाही आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून त्यांच्या भाच्याने त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकून दिली. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये जमाखर्च, पाणीपट्टीच्या पावत्यांचे स्कॅन, मेंटेनन्सची बिलं, एवढाच त्याचा संसार. काकांना टचपॅड मानवत नाही. बोट थरथरतं आणि भलत्याच चौकटीत आकडा पडतो. त्यामुळे माऊस बंद म्हणजे काम बंद. त्यात मार्चअखेर जवळ आलेली, ऑडिटरचे फोन सुरू झालेले.

त्यांची तक्रार अशी होती: "माऊस मेला. नवा आणला, तोही मेला. दुकानवाला म्हणतो पोर्ट गेलेत, मदरबोर्ड उघडावा लागेल."

मी नोकरीत लिनक्सचे सर्व्हर सांभाळतो, त्यामुळे सोसायटीत 'कॉम्प्युटरचं काही असेल तर त्याला विचारा' हा शिक्का आहेच. हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण यात दोन वेगळे बिघाड एकमेकांत गुंतले होते. पहिला बिघाड सेटिंगचा, दुसरा खरोखरचा, तांब्याच्या तारेचा. आणि पहिल्यावर काका जो घरगुती उपाय रोज करत होते, त्यातूनच दुसरा जन्मला. दोन्ही एकच समजून तपासलं तर पुरावे एकमेकांना खोटं पाडत राहतात. दुकानात नेमकं तेच झालं.

काकांनी सांगितलेली हकिकत

लिनक्स टाकल्यावर सुरुवातीला माऊस नीट चालला. मग भाचा दिवाळीनंतर एकदा येऊन गेला. त्यानंतर कधीतरी माऊस 'अडकायला' लागला. सकाळी लॅपटॉप सुरू केला की बाण हलायचा नाही. काढून परत लावला की दिवसभर ठणठणीत. काकांनी तोच नेम धरला: लॅपटॉप सुरू करायचा, माऊस उपटायचा, परत खोचायचा. उपटायचा म्हणजे खरंच उपटायचा. लॅपटॉप भिंतीला लावलेल्या टेबलावर, पोर्ट पलीकडच्या बाजूला. हात पोचत नाही म्हणून काका केबल धरून ओढायचे.

काही आठवड्यांनी काढून लावूनही माऊस उठेना. मग स्टेशनजवळच्या एका दुकानातून नवा आणला. लॅपटॉप बरोबर नेला होता. दुकानदाराने चालू लॅपटॉपला माऊस लावून दाखवला, मस्त चालला. घरी आणला, दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप सुरू केला, बाण जागचा हलेना. परत दुकानात. तिथे पुन्हा चालला! दुकानदाराने प्लग थोडा हलवून बघितला, "पोर्ट ढिले झालेत, सध्या लागतोय पण भरवसा नाही" म्हणाला, आणि मदरबोर्डच्या कामाचा आकडा सांगितला. जुन्या लॅपटॉपवर एवढे पैसे घालावेत का, या विचारात काका माझ्याकडे आले.

दुकानदाराला मी फारसा दोष देणार नाही. त्याच्या टेबलावर त्याने जे पाहिलं त्यातून निघणारा तो एक निष्कर्ष होता. पण 'दुकानात चालतो, घरी मरतो' हे वाक्य काकांनी चिडून म्हटलं तरी तीच या प्रकरणातली सगळ्यात कामाची माहिती होती. विजेचं उपकरण जागा बघून वागत नाही. दोन जागी काहीतरी वेगळं केलं जात असणार, ते काय हे शोधायचं होतं.

नेमकं काय मेलंय

माऊस आणि पडद्यावरचा बाण यांच्यामध्ये बरेच टप्पे असतात. आधी पोर्टातून पाच व्होल्ट वीज मिळायला हवी. मग लॅपटॉपने समोर काहीतरी जोडलंय हे ओळखून त्याला नंबर द्यायला हवा. मग कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, यूएसबीहिड हा माऊस-कीबोर्ड चालवणारा ड्रायव्हर त्याच्या मागे उभा करायला हवा. मग हालचालीचे निरोप यायला हवेत, आणि शेवटी डेस्कटॉपने त्या निरोपांवर बाण हलवायला हवा. यातलं काहीही तुटलं तरी काकांच्या भाषेत माऊस 'मेला'.

शेवटचा टप्पा बसल्या बसल्या बाद झाला. टचपॅडने बाण हलत होता. या लॅपटॉपचा टचपॅड यूएसबीवर नाही, आतल्या आयटूसी जोडणीवर आहे. म्हणजे डेस्कटॉप ठीक आणि शंका फक्त यूएसबीच्या वाटेवर.

पोर्टांची परीक्षा मी पेनड्राइव्हने घेतली, पण त्यात एक खोच आहे. निळ्या जिभेच्या यूएसबी ३ पोर्टात नऊ टोकं असतात. चार जुनी: वीज, जमीन (ग्राउंड) आणि डेटाच्या दोन तारा. पाच नवी, वेगवान डेटासाठी. यूएसबी ३ चा पेनड्राइव्ह लावला तर तो नव्या टोकांवरून बोलतो, आणि माऊसला लागणारी जुनी जोडी मेलेली असली तरी फायली झरझर कॉपी होतात. म्हणजे 'पेनड्राइव्ह चालतो म्हणजे पोर्ट चांगला' हे माऊसच्या बाबतीत अर्धंच खरं. मी मुद्दाम जुना, यूएसबी २ चा पेनड्राइव्ह लावला. टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी या कमांडने जोडलेल्या उपकरणांची झाडासारखी यादी काढली की प्रत्येक उपकरणापुढे वेग दिसतो. पेनड्राइव्हपुढे ४८० मेगाबिट, म्हणजे यूएसबी २ चा वेग होता, म्हणजे तो जुन्याच दोन तारांवरून बोलत होता. तिन्ही पोर्टांत लावला, भलीमोठी फाइल कॉपी केली, प्लग हलवत राहिलो. एकदाही तुटला नाही. मदरबोर्ड उघडायची गरज तिथेच संपली.

आता माऊस. काकांना म्हटलं, तुम्ही रोज सकाळी करता तसंच करा. नवा माऊस लावलेला ठेवून त्यांनी लॅपटॉप सुरू केला. पासवर्ड टाकला, डेस्कटॉप आला, काकांनी माऊस हलवला, बाण ढिम्म.

"बघ, मेला."

मी माऊस उलटा करून बघितला. खालचा लाल दिवा विझलेला होता. पण एलएसयूएसबीच्या यादीत माऊस व्यवस्थित हजर होता, वेग दीड मेगाबिट, मागे यूएसबीहिड ड्रायव्हर. कर्नलचा लॉग, म्हणजे डीमेसेज, तोही स्वच्छ. माऊस तुटल्याची किंवा परत जोडल्याची एकही ओळ नाही. पोर्ट ढिला असता तर तिथे 'यूएसबी डिस्कनेक्ट' असं कर्नलने हमखास लिहिलं असतं. लॅपटॉपच्या दृष्टीने माऊस जागेवर होता, फक्त काही बोलत नव्हता.

एवढ्यात चहा घेऊन काकू आल्या आणि म्हणाल्या, "मी बसले की चालतो की तो. यांच्याच हातात मरतो."

काका म्हणाले, "हिच्या हाताला गुण आहे."

मी काकूंना बसायला सांगितलं. त्यांनी माऊस धरला आणि हलवण्याआधी सवयीने डावं बटण दाबलं. दिवा लागला. बाण हलायला लागला. काकूंची ही सवय मोबाइलवरून आलेली असावी, आधी टिचकी मग बाकीचं. काका उलट करतात: बाण हलत नाही म्हटलं की माऊस टेबलावर घासतात, आपटतात, आणि मग उपटतात. बटण दाबायचं त्यांच्या मनातच येत नाही, कारण बाणच हलत नसेल तर दाबायचं कशावर?

काकूंनी हात काढला. दोन-तीन सेकंदांत दिवा पुन्हा विझला. हलवून बघितलं, काही नाही. बटण दाबलं, जागा. ते पहिलं क्लिक वाया गेलं, पण नंतर सगळं सुरळीत, परत हात काढेपर्यंत. माऊस मेलेला नव्हता, झोपत होता.

दोन सेकंदांची झोप

लिनक्सच्या कर्नलमध्ये यूएसबी उपकरणांना रिकामं बसल्यावर झोपवायची सोय आहे, तिला ऑटोसस्पेंड म्हणतात. प्रत्येक उपकरणासाठी सिस नावाच्या फोल्डरात, त्यातल्या 'बस' आणि 'यूएसबी' या फोल्डरांखाली एक कप्पा असतो, आणि त्यात पॉवर नावाच्या फोल्डरात काही छोट्या फायली. त्यातल्या कंट्रोल नावाच्या फाइलीत एकच शब्द असतो. 'ऑन' असेल तर उपकरणाला जागं ठेवायचं, 'ऑटो' असेल तर रिकामं बसलं की झोपवायचं. किती वेळाने झोपवायचं ते शेजारच्या फाइलीत मिलिसेकंदांत लिहिलेलं, आणि कर्नलची ठरलेली किंमत २०००, म्हणजे दोन सेकंद.

काकांच्या माऊसच्या फाइलीत 'ऑटो' होतं. शेजारच्या रनटाइम स्टेटस या फाइलीत 'सस्पेंडेड'. बटण दाबलं की तिथे 'अॅक्टिव्ह' दिसायचं, हात काढला की परत 'सस्पेंडेड'. खालचा दिवा आणि ही फाइल बरोबर एका तालात.

झोपलेल्या यूएसबी उपकरणाने जास्तीत जास्त अडीच मिलिअँपिअर वीज ओढायची असा नियम आहे. एवढ्यात माऊसचा दिवा आणि पृष्ठभागाचे फोटो काढणारा सेन्सर चालूच शकत नाही. म्हणजे हालचाल ओळखणारा डोळा मिटलेला असतो, फक्त बटणाचा खटका जागा असतो. आपल्या सोसायटीचा वॉचमन रात्री खुर्चीत डुलकी घेतो, तसं. तुम्ही गेटपाशी कितीही येरझाऱ्या घाला, त्याला कळत नाही. कडी वाजवलीत की ताडकन उभा. काही माऊस हलवल्यावरही जागे होतात. बरेच होत नाहीत, आणि पाकिटावर ते कुणी लिहीत नाही.

आता प्रश्न असा, की 'ऑटो' लिहिलं कुणी? कर्नल स्वतःहून माऊसला 'ऑटो' करत नाही. हबला, म्हणजे एका पोर्टाचे अनेक करणाऱ्या जोडाला, करतो, माऊस-कीबोर्डसारख्या उपकरणांना 'ऑन'च ठेवतो, ते याच कारणासाठी. मिंटही करत नाही. म्हणजे कुणीतरी मुद्दाम केलं होतं.

शोध फार लांब गेला नाही. लॅपटॉप सुरू होताना मागे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमची, म्हणजे सर्व्हिसेसची, यादी काढली, त्यात पॉवरटॉप दिसलं. इंटेलने २००७ मध्ये आणलेलं हे साधन लॅपटॉपची वीज कुठे खर्च होते ते दाखवतं आणि कुठे वाचवता येईल ते सुचवतं. त्याला ऑटो-ट्यून असा एक पर्याय दिला की तो सगळ्या सूचना एका झटक्यात लागू करतो, जोडलेल्या यूएसबी माऊससकट. भाच्याला काकांनी "बॅटरी टिकत नाही रे" म्हटलं होतं. त्याने पॉवरटॉप टाकून, लॅपटॉप सुरू होताना ऑटो-ट्यून आपोआप चालावं म्हणून चार ओळींची सर्व्हिस फाइल लिहून ठेवली होती. भाचा आता पुण्याला असतो. फोन केला तर म्हणाला, "हो, टाकलं होतं. पण माऊसचा काय संबंध?" त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर तो फक्त टचपॅड वापरतो.

आणि इथेच दुकानाचं कोडं सुटतं. ऑटो-ट्यून लॅपटॉप सुरू होताना एकदाच चालतं. त्या क्षणी जी उपकरणं लावलेली असतील त्यांच्या फाइलींत 'ऑटो' लिहितं आणि निघून जातं. माऊस काढून परत लावला की कर्नल त्याला नवा पाहुणा समजून कोरा कप्पा देतो, आणि त्या कप्प्यात 'ऑन' असतं. म्हणून उपटून लावल्यावर दिवसभर ठणठणीत. म्हणून दुकानात, चालू लॅपटॉपला लावल्यावर, दरवेळी मस्त. घरी काका माऊस लावलेला ठेवूनच लॅपटॉप बंद करतात, सकाळी तसाच सुरू करतात, आणि माऊस ऑटो-ट्यूनच्या तावडीत सापडतो. दुकानदाराने एकदा लॅपटॉप बंद करून माऊससकट सुरू केला असता तर त्याच्याही टेबलावर तो 'मेला' असता.

जर्नलची साक्ष

एवढ्यावर काम भागत होतं, पण जुना माऊस मनातून जाईना. तो तर शेवटी काढून लावूनही उठत नव्हता. झोपेच्या सिद्धांतात ते बसत नाही, कारण परत लावलेला माऊस जागाच असायला हवा.

मिंटमध्ये लॅपटॉप मागे जितक्या वेळा सुरू केला त्या वेळचे लॉगही साठवून ठेवलेले असतात. ते दाखवणाऱ्या जर्नलसीटीएल या कमांडने कर्नलच्या यूएसबीविषयीच्या ओळी आणि पॉवरटॉपच्या सर्व्हिसच्या ओळी वेगळ्या काढल्या. काकांची दिनचर्या त्यात छापल्यासारखी दिसत होती. सुरुवातीच्या काळात रोज: लॅपटॉप सुरू, माऊस सापडला, पुढे दिवसभर काही नाही. मग पॉवरटॉपची सर्व्हिस पहिल्यांदा दिसते, आणि दुसऱ्या दिवसापासून नमुना बदलतो. लॅपटॉप सुरू, माऊस सापडला, मिनिटा-दोन मिनिटांनी 'यूएसबी डिस्कनेक्ट', लगेच तोच माऊस नव्या नंबराने पुन्हा हजर. रोज. रविवारीसुद्धा.

काही आठवडे असंच चालतं. मग डिस्कनेक्टच्या ओळी दिवसातून भलत्याच वेळी यायला लागतात, दुपारी, संध्याकाळी, एका मिनिटात दोन-तीनदा. ते काका उपटत नव्हते, केबल स्वतःच तुटत-जुळत होती. आणि एका सकाळपासून वेगळाच मजकूर: नवं लो-स्पीड उपकरण सापडलं, उपकरण पत्ता स्वीकारत नाही, एरर उणे ७१. पुन्हा तेच, नंबर बदलून. शेवटी कर्नल हात टेकतो आणि या पोर्टावरचं उपकरण ओळखता आलं नाही असं लिहून गप्प बसतो. पुढच्याच दिवशी दुसऱ्या कंपनीच्या ओळखक्रमांकाचा माऊस दिसतो, तो दुकानातला नवा.

काकांनी तोंडी सांगितलेली हकिकत आणि जर्नल यात फरक एकच होता. काकांच्या आठवणीत 'माऊस हळूहळू बिघडत गेला' अशी एक सरळ रेघ होती. जर्नलमध्ये दोन आजार स्पष्ट वेगळे दिसत होते, आणि त्यांच्या मधल्या काळात रोजचं ते उपटणं.

हिरवी तार

जुना माऊस काकूंनी फेकला नव्हता, ड्रॉवरमध्ये होता. तो लावला. तेच, उणे ७१. केबल जिथून माऊसच्या पोटातून बाहेर येते तिथे रबरी बाही असते, तिच्या तोंडाशी केबल मऊ पडलेली, चिमटीत धरली की आत काहीतरी नसल्यासारखी. ती एका विशिष्ट कोनात दाबून धरली आणि माऊस परत लावला, तर चालला. सोडली की गेला.

उणे ७१ हा लिनक्सच्या यादीतला प्रोटोकॉल एरर. समोर कुणीतरी आहे, पण त्याचं बोलणं समजत नाही, असा त्याचा अर्थ. ११० आला असता तर समोरून उत्तरच आलं नाही, वेळ संपली. या आकड्यांवरून पोर्ट की केबल हे ठामपणे ठरत नाही, खराब हब किंवा अपुरी वीजही ७१ देऊ शकते. पण इथे दुसरा माऊस त्याच पोर्टात चालत होता, त्यामुळे प्रश्न केबलपुरता उरला.

आणि लॉग नीट वाचला तर कोणती तार गेली याचाही अंदाज बांधता येतो. हा भाग मला सगळ्यात आवडतो. माऊसच्या केबलमध्ये चार तारा: लाल पाच व्होल्ट, काळी जमीन, पांढरी डेटा उणे, हिरवी डेटा अधिक. दीड मेगाबिटचं मंद उपकरण आपली ओळख फक्त पांढऱ्या तारेवरून देतं. माऊसच्या आत दीड किलोओहमचा एक रोध ती तार वर खेचून धरतो, आणि लॅपटॉपला तेवढ्यावरून कळतं की काहीतरी जोडलंय आणि ते मंद वेगाचं आहे. जलद उपकरण हीच खूण हिरव्या तारेवर करतं. प्रत्यक्ष बोलणं मात्र दोन्ही तारा मिळून होतं.

आता लॉगमध्ये 'नवं लो-स्पीड उपकरण' ही ओळ आली होती. म्हणजे वीज पोचतेय, पांढरी तार शाबूत. लाल किंवा पांढरी तुटली असती तर लॉगमध्ये एक अक्षर उमटलं नसतं. ओळख पटली पण संवाद होत नाही, म्हणजे संशय हिरवीवर.

स्क्रू काढून माऊस उघडला. आत चार तारांचा छोटा प्लग सर्किटवर बसवलेला असतो, तो काढला. मल्टिमीटर बीपच्या खुणेवर ठेवून एक टोक प्लगच्या एकेका पिनला, दुसरं यूएसबीच्या टोकाला. लाल वाजली, काळी वाजली, पांढरी वाजली. हिरवी गप्प, आणि केबल बाहीपाशी वाकवली की टूं करून परत गप्प. स्वस्त माऊसांत तारांचे रंग दरवेळी नियमाने असतील असं नाही, त्यामुळे रंगावर भिस्त न ठेवता टोकापासून टोकापर्यंत तपासलेलं बरं. इथे रंग बरोबर होते.

काका बघत होते. म्हणाले, "म्हणजे मीच ओढून तोडला."

म्हटलं, "काका, लाल दिवा दोन सेकंदांत विझत नसता तर तुम्ही ओढला नसता."

उपाय, आणि जे केलं नाही ते

लगेचचा इलाज सोपा होता. रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, अधिकाराने त्या कंट्रोल फाइलीत 'ऑन' लिहिलं, दिवा लागला तो लागलेलाच राहिला. पण हे लॅपटॉप पुन्हा सुरू होईपर्यंतच टिकतं.

कायमच्या उपायासाठी तीन वाटा होत्या. सगळ्यात जास्त सुचवली जाणारी वाट म्हणजे यूडेव्हचा (उपकरण जोडलं की काय करायचं ते ठरवणाऱ्या लिनक्सच्या भागाचा) नियम लिहिणं: हा माऊस जोडला गेला की त्याच्या फाइलीत 'ऑन' लिही. या प्रकरणात ती वाट फसवी आहे. यूडेव्हचा नियम उपकरण सापडतं त्या क्षणी चालतो, लॅपटॉप सुरू होण्याच्या अगदी पहिल्या काही सेकंदांत. पॉवरटॉपची सर्व्हिस त्यानंतर चालते आणि 'ऑन' खोडून पुन्हा 'ऑटो' लिहिते. नियम बरोबर, लिहिलेला अचूक, आणि तरी माऊस झोपलेला. मग माणूस नियमातल्या अवतरणचिन्हांवर संशय घेत बसतो.

दुसरी वाट, कर्नल सुरू होताना सगळ्याच यूएसबीची झोप बंद करणं. त्यासाठी ऑटोसस्पेंडची किंमत उणे एक द्यावी लागते. डासासाठी घर जाळण्यापैकी वाटलं, सोडून दिलं.

तिसरी वाट मुळाशी जाणारी: पॉवरटॉपची सर्व्हिसच बंद करायची. ते करण्याआधी काय गमावतोय ते बघितलं. यूएसबी २ चं उपकरण ओळख पटण्याआधी जास्तीत जास्त १०० मिलिअँपिअर घेऊ शकतं, पाच व्होल्टला ती अर्धा वॉट झाली. ओळख पटल्यावरही साधा ऑप्टिकल माऊस यापेक्षा कमीच घेतो. काकांचा लॅपटॉप तर दिवसभर चार्जरलाच असतो. आणि बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता सिस फोल्डरातच बघायला मिळते: काकांची बॅटरी निम्म्याच्या खाली आली होती. 'टिकत नाही' या तक्रारीचं उत्तर तिथे होतं, माऊसच्या दिव्यात नव्हतं. सिस्टिमसीटीएल या कमांडने सर्व्हिस बंद केली, फाइल मात्र जागेवर ठेवली.

टीएलपी नावाचं दुसरं वीज वाचवणारं साधन आहे, ते माऊस-कीबोर्डना मुळातच झोपेतून वगळतं. भाच्याला हवं असेल तर ते टाकता येईल, पण मिंटच्या स्वतःच्या वीजव्यवस्थेशी त्याचं भांडण होणार नाही ना हे आधी तपासून. काकांना त्याची गरज दिसली नाही.

खात्री करताना काकांच्या सवयीप्रमाणेच केली. नवा माऊस लावलेला ठेवून लॅपटॉप पूर्ण बंद, मग सुरू. पासवर्ड टाकून हात लांब. चहा संपेपर्यंत कुणी माऊसला हात लावला नाही. खालचा दिवा लागलेलाच, रनटाइम स्टेटस 'अॅक्टिव्ह'. काकांनी बटण न दाबता नुसता हलवला आणि बाण पळाला. मग लॅपटॉप झाकण लावून झोपवला, उघडला, पुन्हा तेच तपासलं, कारण काही लॅपटॉपांवर झाकण उघडल्यावर यूएसबीचे वेगळेच चाळे सुरू होतात. इथे नव्हते.

जुन्या माऊसची केबल बाहीच्या पुढे दोन बोटं कापली, आतल्या प्लगच्या चारही तारांना नव्याने डाग दिले, वरून हीट-श्रिंकची नळी चढवून तापवली. केबल तेवढी आखूड झाली, पण मीटरवर चारही तारा वाजल्या, आणि लॉगमध्ये उणे ७१ नाही. तो आता काकूंच्या टॅबलेटला ओटीजी वायरने जोडलेला आहे. काकांच्या टेबलावर एक छोटी यूएसबी एक्स्टेंशन वायर आणून पोर्ट अलीकडे घेतला, म्हणजे काढायचा झाला तर प्लग धरता येतो.

भाच्यासाठी सर्व्हिस फाइलीत वरच दोन ओळींची टीप लिहून ठेवली आहे: ही सर्व्हिस का बंद केली, आणि पुन्हा चालू करायचीच असेल तर ऑटो-ट्यूनच्या ओळीनंतर आणखी एक ओळ घाल, जी यूएसबीहिड ड्रायव्हरखालच्या प्रत्येक उपकरणाच्या कंट्रोल फाइलीत परत 'ऑन' लिहील. त्याने फोनवर वाचून दाखवायला सांगितलं, वाचून दाखवलं, आणि तो म्हणाला, राहू दे बंदच, नवी बॅटरी मी पाठवतो.